दंड कुणाला? शाळेच्या एका वर्षाचा हिशोब

जून लागला की राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर दोन गोष्टी हमखास दिसतात. दप्तरे, वह्या आणि गणवेशाच्या दुकानांपुढची गर्दी ही एक, आणि खासगी क्लासचे नवे फलक ही दुसरी. या रस्त्याला लागून नंबर घातलेल्या गल्ल्या आहेत, डॉक्टर-वकिलांचे बंगले आहेत. याच राजारामपुरीत मातंग वसाहतही आहे. गल्लीतले मूल शाळा सुटल्यावर क्लासला जाते. वसाहतीतले मूल शाळा सुटल्यावर घरी येते, धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि आई धुण्याभांड्याच्या कामावरून परत येईपर्यंत दार राखते. पहिल्या मुलाची शाळा बुडाली तर भरून काढायला पैसा आहे. दुसऱ्याकडे शाळेशिवाय दुसरे काहीच नाही.

आम्ही वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. गेल्या वर्षी चौथी पास झालेला एक मुलगा आला. प्रगतिपुस्तकावर सगळीकडे बऱ्या श्रेणी होत्या. आम्ही दुसरीचे पुस्तक पुढे ठेवले. एक ओळ वाचायला त्याला जवळपास मिनिट लागले, आणि काय वाचले ते सांगता आले नाही. त्याच्या आईला आम्ही विचारले, "मावशी, ह्याला वाचता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे का?" ती म्हणाली, "दादा, पोरगं दरवर्षी पास होतंय. शाळंत घातलंय, वरच्या वर्गात जातंय. आणि काय बघायचं असतंय?"

या माउलीला दोष देणारे शंभर जण भेटतील. आम्ही देणार नाही. "आणि काय बघायचं असतं" हे तिला कुणी सांगितलेच नाही. शाळेने सांगितले नाही, महापालिकेने सांगितले नाही, आणि मित्रांनो, आपणही सांगितले नाही. आपण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे फलक लावले. पण शिकणे म्हणजे जून ते एप्रिल या काळात मुलाच्या पदरात नेमके काय पडायला हवे, याचा हिशोब आपण एकाही घरात नेऊन दिला नाही. म्हणून हा लेख.

एक रुपयाचा दंड

शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-अकरा दिवस होतात आणि २६ जून येतो. राजर्षी शाहूंची जयंती. दसरा चौकात हार पडतात, भाषणे होतात. भाषणात १९०२ चे ५० टक्के आरक्षण येते, १९२० ची माणगाव परिषद येते. १९१७ चा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकला जातो. तो उरकण्यासारखा नाही.

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखली गावापासून अंमलबजावणी सुरू झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. त्या काळी कष्टकरी घराला एक रुपया जड होता. पण ज्या राजाने पालकाला दंड लावला, त्यानेच शाळा काढण्याची, मास्तर नेमण्याची आणि खर्चाची तरतूद करण्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. आधी स्वतःचे कर्तव्य, मग पालकावर सक्ती. हा शाहूंचा न्याय होता.

त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. सरकारचा पैसा वरच्या थराच्या उच्च शिक्षणावर जातो आणि शेतकरी-शूद्रांची मुले कोरडी राहतात, हा त्यांचा आक्षेप होता.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठच दिवस उरले होते. त्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. त्यांचा मुद्दा नीट समजून घ्या. मूल शाळेच्या दारातून आत गेले, एवढ्याने प्राथमिक शिक्षणाचा हेतू साध्य होत नाही. ते आयुष्यभर साक्षर राहील इतके पक्के होऊनच त्याने त्या दारातून बाहेर पडले पाहिजे. नाहीतर सरकारचा खर्चही वाया आणि मुलाची वर्षेही वाया.

आज चौथीपर्यंत जवळपास सगळी मुले पोचतात. पण आमच्या अभ्यासिकेतला तो मुलगा त्या १८ जणांत धरायचा की ८२ जणांत? पट भरला म्हणून बाबासाहेबांचा प्रश्न सुटत नाही. पूर्वी मूल शाळेबाहेर राहून निरक्षर राहत होते, आता वर्गात बसून राहते. कागदावर हजेरी आहे, एवढाच फरक.

वर्ष म्हणजे किती?

संविधानाच्या अनुच्छेद ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले होते. म्हणजे १९६० पर्यंत. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद २१अ आला, २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पन्नास वर्षांचा उशीर. पण आता तो कायदा आहे, आणि त्याने शाळेच्या वर्षाला माप दिले आहे. हे माप प्रत्येक पालकाला पाठ हवे.

पहिली ते पाचवी: वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे. सहावी ते आठवी: किमान २२० दिवस आणि १,००० तास.

शिक्षक किती? पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे किमान एक. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक.

इमारतीत काय? प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, वाचनालय, खेळाचे मैदान, अपंग मुलाला आत येता येईल अशी वाट.

आता ८०० तासांचा साधा हिशोब करू. २०० दिवसांचे वर्ष आहे आणि वर्गाचे गुरुजी किंवा बाई वीस दिवस दुसऱ्याच कामाला जुंपल्या, तर वर्षाचा दहावा हिस्सा गेला. याद्या, सर्वेक्षण, ॲपवर फोटो चढवणे, प्रशिक्षण, तातडीच्या बैठका. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला फक्त तीन अशैक्षणिक कामे देता येतात: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. ही तीन सोडून बाकीचे जे काही आहे, ते आमच्या मुलाच्या ८०० तासांतून कापून घेतलेले आहे. क्लासला जाणाऱ्या मुलाला हे कापलेले तास राजारामपुरीत विकत मिळतात. वसाहतीतल्या मुलाला ते परत मिळत नाहीत. त्यामुळे शिक्षकाला वर्गाबाहेर काढण्याचा आदेश सगळ्यांना सारखा लागू होत असला, तरी त्याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. जातीची व्यवस्था अशीच चालते. नियम सगळ्यांना एक असतो, आणि नुकसान मात्र ठरावीक घरांचे होते.

इथे एक स्पष्ट करतो. आमचे भांडण शिक्षकांशी नाही. मनापासून शिकवणारे गुरुजी आणि बाई आम्ही जवळून पाहिले आहेत. स्वतःच्या खिशातून वह्या आणणारे, शाळेत न आलेल्या मुलाच्या दारात जाणारे. त्यांना वर्गात राहू द्या, हीच आमची मागणी आहे. पण वर्गात असूनही न शिकवणाऱ्याला 'सरकारी कामाचा ताण' ही ढाल आम्ही वापरू देणार नाही. अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची कुवत तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणे, आणि पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणे, हे कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. आणि कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्याची मनाई आहे.

वर्षाअखेर काय यायला हवे?

'पास' हा शब्द पालकांनी काही काळ बाजूला ठेवावा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: वाचता येते का, लिहिता येते का, हिशोब येतो का. याचीही मापे सरकारनेच ठरवली आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले. त्यातली उद्दिष्टे सोपी आहेत.

पहिलीच्या शेवटी: चार-पाच शब्दांची छोटी वाक्ये वाचणे, ९९ पर्यंतच्या संख्या, सोपी बेरीज-वजाबाकी.

दुसरीच्या शेवटी: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या.

तिसरीच्या शेवटी: मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे, ९,९९९ पर्यंतच्या संख्या, सोपा गुणाकार.

हे तपासायला आई शिकलेली असावी लागत नाही. शेजारची दहावीतली मुलगी पुरे. मुलाने न पाहिलेला उतारा द्यायचा, मोबाइलवर एक मिनिट लावायचे, शब्द मोजायचे, आणि काय वाचले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावायचे. आम्ही ही तपासणी दिवाळीच्या सुट्टीत करायला सांगतो, कारण तेव्हा निम्मे वर्ष हातात शिल्लक असते. एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी 'निपुण महाराष्ट्र' हा कृती कार्यक्रम काढला. वाचन, लेखन आणि गणिताच्या पायाभूत क्षमता या मुलांत आणण्यासाठी. म्हणजे पाचवीपर्यंत गेलेल्या मुलांचा पाया कच्चा आहे हे सरकारला माहीत आहे. मग त्या मुलांच्या आईवडिलांना हे कुणी लेखी कळवले? प्रगतिपुस्तकावर तर सगळे छान छान होते.

आता दंड पोराला

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. शाहूंच्या काळात दंड पालकाला होता. २००९ च्या कायद्याने चित्र बदलले. या कायद्यात 'सक्ती' ही सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. मुलाला प्रवेश देणे, त्याची हजेरी राहील आणि शिक्षण पूर्ण होईल हे पाहणे, दर्जेदार शिक्षण पुरवणे, आणि वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देणे ही त्यांची जबाबदारी. कोल्हापूर शहरापुरते बोलायचे तर महापालिकेची आणि तिच्या प्राथमिक शिक्षण समितीची.

मग ही जबाबदारी पार पडली नाही तर दंड कुणाला? २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाले तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाले तर मूल त्याच वर्गात.

नीट पाहा काय झाले ते. चार वर्षे शिकवले नाही व्यवस्थेने, आणि पाचव्या वर्षी शिक्षा झाली दहा-अकरा वर्षांच्या लेकराला. शिक्षकाची जागा रिकामी ठेवणारा अधिकारी नापास होत नाही. सर्वेक्षणाचा आदेश काढणारे कार्यालय त्याच वर्गात बसत नाही. १९१७ ला दंड बापाला होता. २००९ ला तो सरकारकडे जायला हवा होता. २०२३ ला तो पोराकडे आला.

काही आंबेडकरी मित्रही म्हणतात, "नापास केल्याशिवाय मुले अभ्यास करत नाहीत." त्यांना आमचा सवाल आहे: नापास झालेले मूल दुसऱ्या वर्षी त्याच बाकावर बसणार, त्याच रिकाम्या जागेपुढे. तिथे त्याला नवीन काय मिळणार? क्लासवाले मूल पुनर्परीक्षेत निघून जाईल. आपले मूल गवंड्याच्या हाताखाली जाईल, मुलगी धुण्याभांड्याला जाईल. बाबासाहेबांच्या ८२ मध्ये भर पडेल. मूल्यमापन हवेच, कडक हवे, पण त्याचा निकाल शाळेवर आणि प्रशासनावर लागला पाहिजे. आणि जोवर हा नियम आहे तोवर पालकांनी एवढे लक्षात ठेवावे: पुनर्परीक्षेआधी जादा शिकवणे हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही.

ताट, गणवेश आणि एक रुपया

पुस्तके मोफत, गणवेश मोफत, दुपारचे जेवण मोफत. या जेवणालाही माप आहे: पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी बंद केला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. ज्या घरात अंडे रोजचे आहे तिथे काही बिघडले नाही. ज्या मुलाचे आठवड्याचे एकमेव अंडे शाळेत होते, त्याच्या ताटातून ते गेले. मुलांच्या ताटात काय असावे हे कुणाच्या सोवळ्याने ठरते, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी?

गणवेशाचे घ्या. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश, एकाच ठिकाणाहून, अशी योजना आणली. गणवेश वेळेवर पोचले नाहीत, मापात बसले नाहीत, आणि शेवटी डिसेंबरमध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावा लागला.

आणि एक रुपया. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून उपस्थिती भत्ता ठरला आहे: दिवसाला १ रुपया. आजही एकच रुपया. शाहूंच्या राज्यात गैरहजेरीचा दंड महिन्याला एक रुपया होता आणि तो जाणवत होता. आमच्या लोकशाहीत मुलीच्या हजेरीची किंमत शंभर वर्षांनंतर दिवसाला एक रुपया आहे, आणि त्यात एक गोळीही धड येत नाही. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती महिन्याला ६० रुपये. सावित्रीमाईंच्या नावाने साठ रुपये! रक्कम वाढवण्याची लढाई लढूच, पण आधी आहे ते तरी आपल्या किती मुलींच्या खात्यात पोचते, ते वस्तीवस्तीत मोजायला हवे.

झाडू कुणाच्या हातात?

शाळेकडून अपेक्षा करायची ती फक्त वाचण्या-लिहिण्याची नाही. मान ही पहिली अपेक्षा आहे. कलम १७ ने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे दोन्ही बंद आहे. मानसिक छळ म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. 'शिष्यवृत्तीवाली मुले उभी राहा' असे भर वर्गात पुकारणे. वस्तीचे नाव घेऊन हिणवणे. स्वच्छतेची पाळी आली की ठरावीक मुलांच्याच हातात झाडू देणे. सगळ्यांची पाळी असेल तर झाडू मारण्यात कमीपणा नाही. पण पाळी जर आडनाव बघून लागत असेल, तर तो गुन्हा आहे. म्हणून रोज संध्याकाळी "आज काय शिकवलं?" या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: "आज कुठं बसलास?" आणि "तुला काय काम सांगितलं?" मूल गप्प झाले तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा. एकटे जाऊ नका, आम्हाला हाक मारा.

खासगी शाळेचा रस्ता

आपल्यातले जे नोकरीत गेले, त्यांनी मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत घातली. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. आपल्या मुलाला इंग्रजी यावे असे वाटणे हा गुन्हा नाही. पण ते गेले आणि महापालिकेच्या शाळेत प्रश्न विचारणारा पालक उरला नाही.

गरीब घराला खासगी शाळेचा एकच सनदशीर रस्ता आहे, २५ टक्के राखीव प्रवेशाचा. त्यात अनुसूचित जातीच्या मुलाला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही, हे आजही आपल्या अनेक घरांना माहीत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने हा रस्ताच बुजवायला घेतला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा कुठे नसते? मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ही सूट रद्द केली. पण हेतू उघडा पडला. गरिबाचे मूल श्रीमंताच्या बाकावर नको. १९१९ ला शाहूंनी मोडलेली वेगळी शाळा २०२४ ला एक किलोमीटरची फूटपट्टी घेऊन परत आली होती.

आणि सरकारी शाळा चांगली होऊच शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी राजारामपुरीतून जरगनगरला जाऊन यावे. तिथल्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला पालकांच्या रांगा लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. तीच महापालिका, तीच प्राथमिक शिक्षण समिती. एका शाळेसमोर रांग आणि दुसऱ्या शाळेत पट कमी, याचे उत्तर मुलांच्या जातीत किंवा आईबापांच्या अक्कलेत नाही. शिक्षकाच्या नेमणुकीत, देखरेखीत आणि पालकांच्या दबावात आहे. जे जरगनगरला जमते ते वसाहतीच्या शाळेला का जमू नये? हा प्रश्न लेखी विचारा.

समितीत कोण बसले आहे?

आता स्वतःकडे बोट. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित-दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो आणि बैठक दरमहा घ्यायची असते. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाचा खर्च तपासणे, शिक्षक वेळेवर येतात का ते पाहणे हे या समितीचे काम आहे. एवढी सत्ता आपल्याला दुसऱ्या कोणत्या समितीत मिळते?

१४ एप्रिलच्या मिरवणूक समितीत जागा मिळावी म्हणून आपण भांडतो. साउंडच्या वर्गणीचा पै-पैचा हिशोब मागतो. शाळेच्या समितीत मात्र आईचा अंगठा घरी येऊन घेतला जातो आणि बैठक झाली असे रजिस्टरात लिहिले जाते. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, कोल्हापूरकरांनी त्यांचा आणि जोतिरावांचा पुतळा उभा केला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या पुतळ्याला घातलेला हार आणि समितीच्या रजिस्टरातला खोटा अंगठा एकाच घरात चालणार असतील, तर आपण बाबासाहेबांना चौकातच ठेवले, शाळेत नेले नाही.

म्हणून या वर्षी एवढे करा.

जूनमध्ये: पट आणि शिक्षक मोजा. जन्मदाखला, जुन्या शाळेचा दाखला किंवा आधार नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे प्रत्येक घरात सांगा. पुस्तके-गणवेश मिळाले का, याची यादी करा.

जुलै-ऑगस्टमध्ये: समितीत कोण कोण आहे त्यांची नावे मागा. जागा रिकामी असेल तर आपल्या वस्तीतली एक आई उभी करा आणि पहिल्या बैठकीला तिच्यासोबत जा.

दिवाळीत: एक मिनिटाची वाचन तपासणी. वस्तीतल्या प्रत्येक मुलाची. निकाल वहीत लिहा.

नोव्हेंबरपासून: मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवण्याची मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

उत्तर आले नाही तर: महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

एप्रिलमध्ये: पुन्हा वाचन तपासणी. जूनमधले मूल आणि एप्रिलमधले मूल यांत काय फरक पडला, ते वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा. आणि मग २६ जूनला त्याच वह्या घेऊन आपण दसरा चौकात जाऊ.

त्या चौथी पास मुलाची आई आता दर शनिवारी अभ्यासिकेच्या दारात उभी राहून त्याचे वाचन ऐकते. तिला अक्षर येत नाही. पण तो अडखळला की तिला बरोबर कळते. परवा ती शाळेत गेली आणि बाईंना म्हणाली, "ह्याला वाचाय कधी शिकवणार, ते मला कागदावर लिहून द्या." शाळेने लिहून दिले नाही. पुढच्या वेळी तिच्याबरोबर वीस आया असतील, आणि आम्हीही असू.

जय भीम! जय शाहू!